हायब्रीड टोमॅटोवरचे आरोप

घरच्या बागेची हौस असणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश वारंवार फिरतो: हायब्रीड टोमॅटो जनुकीय बदल करून बनवलेला असतो, त्याचे बी उगवत नाही, गावठी टोमॅटोवर रोग पडत नाही आणि चव असते ती गावठीलाच, म्हणून कुंडीत गावठीच लावा. सल्ल्याला हरकत नाही, कारणांना आहे.

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असल्यामुळे ते आपले आपणच फळते. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर, म्हणून तो करताना मादी वाणाची कळी उमलण्यापूर्वीच चिमट्याने उघडून आतला पिवळा पुंकेसरांचा शंकू काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी नर वाणाचे पराग तिला हाताने लावतात. हे काम एकेका कळीवर करावे लागते, म्हणून हायब्रीड बियाण्याची पुडी महाग पडते. यात जनुकीय बदल कुठेच येत नाही. तसा बदल केलेला बीटी कापूस भारतात 2002 पासून लावला जातो. बीटी वांगे 2010 मध्ये स्थगितीत अडकले आणि तसा टोमॅटो आपल्याकडे बाजारात आलेलाच नाही. शिवाय अनेक जण देशी समजून लावतात ती ‘पुसा रुबी’सुद्धा दोन वाणांच्या संकरातूनच निवडून स्थिर केलेली आहे.

बियांचे म्हणणे घरीच तपासावे. पिकलेल्या फळाचा बियांसकट गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यावा, बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटले की धुऊन सावलीत वाळवावे. हायब्रीडचे बीही उगवते. मात्र पुढची रोपे एकसारखी निघत नाहीत, फळाचा आकार आणि रोगप्रतिकार रोपागणिक बदलू शकतो. दरवर्षी घरचे बी धरणाऱ्याने सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियांपासून तशीच रोपे येतात असा वाण, घ्यावा तो याचसाठी.

रोगाबाबतचा दावा सर्वांत फसवा आहे. पांढऱ्या माशीने पसरणारा, पाने वळवून झाड खुरटवणारा विषाणू गावठी झाडाला सोडत नाही. उलट बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण तो विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देण्यासाठीच तयार केला आहे.

चवीच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, कारण लांबच्या बाजारासाठीचे वाण टिकाऊपणा पाहून निवडले जातात आणि फळ लाल होण्याआधीच तोडतात. पण गोडीसाठी नावाजलेला ‘सनगोल्ड’ हा चेरी टोमॅटो हायब्रीडच आहे.