स्वस्त घड्याळाच्या नावाने बोटं मोडणं बंद करा

आज डोकं फिरलंय. आईच्या डिजिटल घड्याळात वाफ धरली म्हणून ती दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने हातातही न घेता फर्मावलं, "मावशी, स्वस्तातलं आहे, असंच होणार. टाकून द्या." आई गप्प परत आली. मी गप्प बसणार नाही.

या घड्याळाने काय काय सोसलंय ते मला विचारा. भांडी, धुणं, पाऊस, आई ते कधी काढतच नाही. इतकी वर्षं आत थेंब गेला नाही. मध्यंतरी सेल संपला, याच माणसाने झाकण उघडून नवा टाकला, आणि लगेचच्या धुण्याला काचेआड धुकं! योगायोग म्हणे.

अहो, त्या झाकणाखाली एक बारीकशी रबरी रिंग असते. मागच्या बाजूने पाणी अडवते ती तीच. सेल बदलताना ती खाचेतून सरकली, चिमटली, तिच्यावर कचऱ्याचा कण राहिला की खेळ खलास. पुसायची, किंचित सिलिकॉन ग्रीस लावायचं, नीट बसवून सगळे स्क्रू एकसारखे आवळायचे. एवढंच. महागड्या घड्याळातही पाणी अडवायला रिंगच असते बरं का! फक्त ते उघडताना याच लोकांचे हात कसे अलगद चालतात.

संध्याकाळी मी स्वतःच झाकण काढलं. रिंग एका बाजूला चपटी, चिमटल्याची खूण स्वच्छ दिसतेय.

कंपन्याही काही साव नाहीत. घड्याळावर '३० मीटर' छापायचं आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात सांगायचं की हे शिंतोड्यांपुरतं. तो आकडा म्हणजे स्थिर पाण्याचा दाब, सुमारे ३ बार. पोहायला निदान ५० मीटरवालं लागतं, आणि खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्यांच्या घड्याळांचं तर आयएसओ ६४२५ हे मानकच वेगळं. मग सरळ 'हात धुवा, पोहू नका' असं छापायला काय जातं? गरम पाणी आणि साबण रिंगेचे वैरी, पाण्यात बटण दाबणं त्याहून वाईट, हे कोण सांगणार?

हो, पट्टा तडकतो, काचेवर ओरखडे पडतात. मान्य. पण 'स्वस्त म्हणजे तकलादू' म्हणणाऱ्यांनी कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू बघावं. १९८९ पासून बाजारात आहे, वजन जेमतेम २१ ग्रॅम, एका सेलवर साधारण ७ वर्षं चालतं. इतकं हलकं की हातातून पडलं तरी सहसा काही होत नाही. वर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं, खोलीची बढाई नाही.

जाऊ दे. त्या माणसाकडेही दिवसभर रांग असेल, घाईत झालं असेल. पण मग तसं म्हणा ना! घड्याळावर कशाला ढकलता, आणि वर आईला कशाला ओशाळवाणं करता? नवीन घेऊ का विचारलं तर ती म्हणाली, "वेळ बरोबर दाखवतंय की."

सध्या ते झाकणाशिवाय कोरड्या तांदळात नाही, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवलंय. (तांदळाचा सल्ला देऊ नका, पीठ आत जातं.) सुटी रिंग कुठे मिळते माहीत असेल तर सांगा, माप कमेंटमध्ये टाकतो. 'नवीनच घे ना' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरकावं.