हापसा, मी आणि जिंजाचं बिल

परवा आमच्या फिल्मचा फायनल कट पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसते ढोल, तेही कुठल्याशा लायब्ररीतून विकत घेतलेले. "आफ्रिका वाटली पाहिजे ना," निर्माते म्हणाले. मी टिपलेला आवाज औषधालाही नाही. मग त्या जाजाशी, म्हणजे आजीबाईशी, मी एवढी हुज्जत घातली ती कशासाठी?

युगांडातल्या बुसोगा भागातलं खेडं, विषय पिण्याचं पाणी, आणि मी साउंड रेकॉर्डिस्ट. म्हणजे शूटिंग अडलं की युनिट ज्याच्याकडे बघून उसासे टाकतं तो. कॅमेरावाल्याला कोंबडा फ्रेमबाहेर हाकलता येतो. माझ्या माइकला फ्रेमच नाही. पाऊस आला की पत्र्याखालची मुलाखत संपली. उघडायची वाट पाहावी, तर विषुववृत्तावरचा सूर्य बारा महिने सातच्या सुमारास बुडतो, आणि बुडताना जराही रेंगाळत नाही. 'रोलिंग' म्हटलं की नेमकी बोडाबोडा येते. भाड्याची मोटारसायकल ती, मागे दोन माणसं आणि केळीचा घड. बहुतेक गाड्या बजाज बॉक्सर, म्हणजे पुण्याच्याच. हात करावासा वाटायचा.

पण खरा वैरी हापसा. दर दांड्याला 'क्यांऽव'. साखळी कोरडी पडलेली. डायरेक्टर म्हणाला, ग्रीस लावून टाक. तेवढ्यात हापशाची राखणदार, म्हणजे ती जाजा, कुलूप घेऊन आडवी आली. मागे पिवळ्या जेरीकॅनची रांग; माणसं झाडाखाली, नंबर कॅनचे.

दुभाषी म्हणून आमचा ड्रायव्हर. ती पाच मिनिटं बोलली. तो म्हणाला, "नको म्हणतेय."

"का पण?"

पुन्हा पाच मिनिटं. "आवाज बंद केला तर घरात बसून तिला कसं कळणार, कोण पाणी नेतंय? महिन्याचे पैसे बुडवणारे अंधारात येतात. ती आवाजावरून दांडे मोजते. वीस लिटरचा कॅन किती दांड्यांत भरतो, तिला पाठ आहे."

"तासभरच लावतो. मग पुसून परत कोरडी करून देतो." (हे मी शुद्धीवर असताना बोललो.)

तिने माझे हेडफोन मागितले. डोक्यावरच्या फडक्यावरूनच चढवले, एका पोराला दांडा मारायला लावला, डोळे मिटले. मग अशी हसली की झाडाखालची रांगही हसायला लागली.

"काय म्हणाली?"

ड्रायव्हर अवघडला. "म्हणते, एवढं मशीन लावूनही याला आतला वॉशर गेलेला ऐकू आला नाही?"

वीस वर्षं या कानांवर पोट भरतोय मी!

वर तिने पंपावरच्या 'इंडिया' या अक्षरांवर बोट ठेवलं. "पंप तुमचा. वॉशर तुम्ही आणा."

आता मी सोलापूरचा. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हापसा घडला, तो आमच्या 'सोलापूर पंप' नावाच्या हापशावरूनच. हे मी तिला सांगितलं नाही. तिने साखळीही माझ्याच खात्यावर मांडली असती. आणि त्याच सोलापुरात घरच्या नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, हे तर मुळीच नाही. आधीच पुरेसं हसून झालं होतं.

त्याच भागातल्या जिंजा शहराच्या बाजारातून वॉशर आणला, माझ्या खिशातून. काल अकाउंट्सच्या बाईंचा पुन्हा मेल: खर्च मंजूर आहे सर, फक्त दुकानदाराचा जीएसटी नंबर पाठवा.