खुलासा: 'जैत रे जैत' आधी कादंबरी, मग चित्रपट

नेरूळ-वाशीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : 'जैत रे जैत' चित्रपट गाजला म्हणून गोनीदांनी (लेखक गो. नी. दांडेकर) त्यावरून कादंबरी लिहिली. हे साफ चुकीचं आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी आधीची. जब्बार पटेलांचा चित्रपट 1977चा, आणि तो त्या कादंबरीवरच बेतलेला. नाग्या, चिंधी, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांशी मांडलेलं वैर, हे सगळं गोनीदांचं.

गाणी मात्र ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. चित्रपट मलाही फार आवडतो, स्मिता पाटीलची चिंधी तर विसरताच येत नाही. पण ठाकर आदिवासींचं जग ज्यानं आधी शब्दांत उभं केलं, त्याचं श्रेय काढून घेऊ नका. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.