टेबलावरची गुणी गाडी

मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला रिमोटची गाडी घेतली असं मी सगळ्यांना सांगतो. मुलाने मागितली होती सायकल, पण तो विषय आपण नको काढूया. गाडी म्हणजे जत्रेत मिळते ती नाही हं, हॉबीवाली, १:१० स्केलची बग्गी, जिच्यात मोटर वेगळी, चाकं वळवणारा सर्व्हो वेगळा, रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर वेगळा, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा ईएससी वेगळा, आणि त्यातलं काहीही बिघडलं तर तेवढंच बदलता येतं. दुकानदाराने हा फायदा म्हणून सांगितलं होतं. काय बिघडलंय ते शोधायचं कुणी, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिले दोन आठवडे गाडी झकास पळाली. मग एका रविवारी मला वाटलं, आतलं वायरिंग फार अस्ताव्यस्त आहे, जरा नीट करू. झिप टाय आणले, सगळ्या वायरी जुड्या बांधतात तशा बांधल्या, टायची शेपटं बाथरूममधल्या नेलकटरने कापली, वर फुंकर मारून बघितलं, एकदम कंपनी फिटिंग. बायकोलासुद्धा दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता गीझरच्या वायरीचं बघ."

संध्याकाळी पार्किंगमध्ये नेली तर गाडी दहा-पंधरा पावलं गेली आणि गचकन थांबली. मी जवळ गेलो तर सुरू. लांब गेली की परत थांबली. वर आणून डायनिंग टेबलावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर ठेवली, म्हणजे चाकं हवेत, आणि ट्रिगर दाबला तर अशी काही गरगरा फिरली की जणू मीच खाली खोटं बोलत होतो. स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, सगळं आज्ञाधारक. डॉक्टरकडे गेलं की खोकला थांबतो ना, अगदी तसं.

इथे शहाण्या माणसाने विचार केला असता की टेबलावर आणि पार्किंगमध्ये फरक काय आहे. मी मल्टिमीटर काढला.

मल्टिमीटर हातात आला की माणसाचा आवाज बदलतो. मुलाला समोर बसवून मी समजावलं की ही २एस लिपो बॅटरी, म्हणजे दोन सेल, लेबलवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी फुल चार्जला ८.४ दाखवणार, आणि सेलमागे तीनच्या खाली उतरली तर संपली बिचारी, म्हणून ईएससी आधीच मोटर बंद करतो. म्हणजे ईएससीला वाटतंय बॅटरी संपली! लावला मीटर. ८.२. मुलगा म्हणाला, "मग संपली नाहीये ना?" म्हटलं, आत्ता नाहीये. "मग कधी संपते?" म्हटलं, तू होमवर्क केलास का?

दुसरी थिअरी जास्त भारदस्त होती आणि खरं सांगू का, अजूनही मला ती आवडते. त्या ईएससीच्या पोटात बीईसी म्हणून एक सर्किट असतं, ते बॅटरीतून ६ व्होल्ट काढून रिसीव्हरला आणि सर्व्होला देतं. आता चाकं वळवताना सर्व्होने एकदम जोर लावला की करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि रिसीव्हरला क्षणभर चक्कर येते. जुन्या वाड्यात शेजाऱ्यांनी मिक्सर लावला की आपला दिवा मान टाकायचा तेच. याला ब्राउनआउट म्हणतात आणि हा शब्द मला शनिवारी रात्री साडेबाराला कळला, त्यामुळे रविवारी सकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळला होता. आईलासुद्धा. ती म्हणाली, "मग आहे का तसं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मीटर सर्व्होच्या प्लगवर लावून स्टिअरिंग हलवून बघायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम, पण मी तोवर चप्पल घातली होती.

पासोड्या विठोबापाशी गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की माणूस त्या बाजूलाच वळतो, आणि तिथल्या काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे न बघता तुमची लायकी ओळखतो. मी म्हटलं, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, १६ व्होल्टचा (व्होल्टेज खाली बसलं की साठवलेली वीज देऊन क्षणभर सांभाळून घेतो तो). तो म्हणाला, कशाला लावताय? मी सगळी ब्राउनआउटची कथा सांगितली, मिक्सरच्या उदाहरणासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोटर जळली असेल." म्हटलं, अहो मोटर फिरतीये. "मग जळंल." कपॅसिटर मात्र दिला. शेजारच्या दुकानातून मेटल गिअरचा सर्व्हो पण घेतला, साडेआठशे रुपये, कारण एवढं लांब आलोय तर.

सोल्डरिंगबद्दल फार बोलत नाही. माझी इस्त्री (आम्ही गन नाही म्हणत, मुलगा लहान असताना तिला इस्त्री म्हणायचा, तेच राहिलं) २५ वॅटची आहे. बारीक वायरीला चालते. पण मी उत्साहाच्या भरात बॅटरीच्या कनेक्टरचे जोडही "जाता जाता" पक्के करायला घेतले आणि त्या जाड तांब्याने माझी सगळी उष्णता गिळून टाकली, जोड तापायलाच तयार नाही, सोल्डरचा नुसता राखाडी गोळा झाला, आणि टेबलक्लॉथला गोल भोक पडलं. भोकावर आता कायम फळांची टोपली असते. पाहुण्यांना वाटतं आम्ही फळं फार खातो.

एवढं करून गाडी टेबलावर उत्तम. पार्किंगमध्ये पंधरा पावलं.

मग मी ठरवलं की रिमोट आणि रिसीव्हरचं पुन्हा बाइंडिंग करायचं, म्हणजे दोघांची नव्याने ओळख करून द्यायची. रिसीव्हरचं बटण दाबून धरायचं, गाडी ऑन करायची, लाइट लुकलुकला की रिमोट ऑन करायचा, झालं. हात दोनच, बटण बारीक, त्या गडबडीत रिमोट मी ट्रिगरला धरून उचलला होता. काही फरक पडत नाही म्हणून सोडून दिलं.

फरक पडतो. सिग्नल तुटला तर गाडीने काय करायचं याला फेलसेफ म्हणतात आणि आमचा रिसीव्हर बाइंड करताना रिमोट ज्या अवस्थेत असेल तीच अवस्था फेलसेफ म्हणून पाठ करतो. माणसं ट्रिगर सोडून बाइंड करतात, म्हणजे सिग्नल गेला की गाडी थांबते. मी ट्रिगर दाबून केलं होतं. थोडक्यात मी गाडीला सांगून ठेवलं होतं की माझा आवाज ऐकू आला नाही तर तू पळत सुट.

पंधराव्या पावलाला ती सुटली. मी ट्रिगर सोडला, ब्रेक मारला, रिमोट बंद केला (हे तर आणखीनच वाईट), ती आपली सरळ रेषेत अध्यक्षांच्या गाडीखालून, जोश्यांच्या स्कूटरला वळसा नाही, डायरेक्ट स्टँडवर. स्कूटर हलली नाही पण तिचा अलार्म वाजला. वॉचमनने खुर्चीतून न उठता पाय आडवा घातला आणि गाडी उलटी पडून चाकं फिरवत राहिली. "साहेब, आधी थांबत होती तेच बरं होतं," तो म्हणाला.

त्या रात्री मी टेबलाशी बसलो होतो, सगळं उघडं, बोलायच्या मूडमध्ये नव्हतो. आई आली आणि तिने स्वतःचा शिवणाचा डबा पुढ्यात ठेवला. आमची आई काहीही टाकत नाही, त्या डब्यात माझ्या दुसरीतल्या युनिफॉर्मचं बटणसुद्धा आहे. त्यातून तिने एक पांढुरका, उंदराच्या शेपटीएवढा तुकडा काढला. "हे तुझं का रे? त्या दिवशी केर काढताना टेबलाखाली सापडलं. प्लास्टिकची शेपटं टाकली मी, पण ह्याच्यात तार दिसली, म्हटलं लागेल."

मी रिसीव्हरकडे बघितलं. त्याच्यातून काळी वायर बाहेर आली होती आणि टोकाला अगदी स्वच्छ, नेलकटरने कापलेली होती. मला आठवलं. जुडीतून काहीतरी बारीक, कानातल्या केसासारखं डोकावत होतं. झिप टायबरोबर तेही उडवलं.

ती अँटेना होती. काळा भाग नुसती पोचवणारी केबल, ऐकणारा कान म्हणजे ते टोकाचं पांढरं. बारावीला मी हे गणित सोडवलेलं आहे, मार्कही मिळाले होते: सेकंदाला ३ लाख किलोमीटर, भागिले रिमोटची फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, तिचा पाव भाग ३.१, एवढाच हा कान लांब हवा. मुलाच्या कंपासमधली पट्टी लावून आईचा तुकडा मोजला. ३.१. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. टेबलावर रिमोट हातभर अंतरावर, तिथे बहिऱ्यालाही ऐकू येतं.

नवीन रिसीव्हर मागवायची माझी तयारी होती पण मुलगा म्हणाला, उरलेली वायर सोलून बघूया ना. ब्लेडने काळं आवरण आणि आतली जाळी हलक्या हाताने ३.१ सेंटीमीटर सोलली, आतल्या तारेला नख लागू दिलं नाही, स्ट्रॉच्या नळीत घालून उभी केली. परत बाइंड केलं, यावेळी ट्रिगरला कुणीही हात लावायचा नाही असं सगळ्या घराला बजावून. डब्यावर ठेवून रिमोट बंद केला, चाकं थांबली. मग खाली. मुलगा रिमोट घेऊन चालत चालत पार गेटपर्यंत गेला, मी इकडे गाडी उचलून धरलेली, आणि तो तिथून बोट हलवतोय आणि इथे माझ्या हातात चाकं वळतायत. वॉचमनने त्यानंतर वीस मिनिटं रिमोट दिला नाही.

वर आलो तर आई तो तुकडा परत डब्यात ठेवत होती. म्हटलं, अगं टाक आता, त्याचा काही उपयोग नाही.

"असू दे," ती म्हणाली, "मापाच्या ब्लाऊजसारखं. पुढच्या वेळी कापशील तेव्हा पट्टी शोधायला नको."