‘एबीएन काढू का?’

गेल्या आठवड्यात माझ्या आतेबहिणीच्या मुलाचा मेलबर्नहून फोन आला. त्याला तिकडे शिकायला जाऊन जेमतेम महिना झाला आहे. ऑफिसांच्या सफाईचे संध्याकाळचे काम मिळते आहे, पण कंत्राटदार आधी एबीएन (तिथला व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) काढून आण म्हणतो, तर काढू का, एवढेच त्याला विचारायचे होते. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही बातमी पोहोचली तेव्हा मात्र एबीएनबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ‘तिकडे कोणतेही काम हलके मानत नाहीत’, ‘तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे’, अशी वाक्ये काका-आत्यांनी एकापाठोपाठ एक लिहिली. मी २०१८ ते २०२० या काळात मेलबर्नमध्ये हेच काम केले आहे. त्यामुळे त्या प्रतिष्ठेचा हिशेब एकदा मांडावा असे मला वाटू लागले.

कराडहून मी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले तेव्हा विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४० तास काम करण्याची मुभा होती (२०२३ च्या जुलैपासून ती ४८ तास झाली आहे). सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ६ ते रात्री १० अशी शिफ्ट धरली की हे ४० तास बरोबर भरतात. कॉलिन्स स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीतले दोन मजले माझ्याकडे होते. ऑफिसमधली माणसे लिफ्टने खाली येत असताना आम्ही मालाच्या लिफ्टने वर जायचो, आणि काम संपवून साउदर्न क्रॉसहून टारनीटची गाडी पकडायचो.

सफाई हे अंगमेहनतीचे, अकुशल काम आहे असे मीही समजत होते. पहिल्याच दिवशी कोलंबियाहून आलेल्या एका सहकारी बाईंनी माझा हा समज दूर केला. स्वच्छतागृहासाठी लाल फडके, स्वयंपाकघरासाठी हिरवे, टेबलांसाठी निळे, आणि एका रंगाचे फडके दुसऱ्या ठिकाणी कधीही जाता कामा नये, हा त्यांचा पहिला धडा होता. आमच्या घरी ओट्याचे फडके जुने झाले की त्याची बदली फरशीवर होत असे आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, हे मी त्यांना सांगितले नाही. फडक्याची चौपदरी घडी घातली की पुसायला आठ स्वच्छ बाजू मिळतात. जंतुनाशक फवारल्याबरोबर पुसून टाकले तर ते वाया जाते, कारण पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहिला तरच त्याचा उपयोग होतो. ब्लीच आणि आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून त्यांच्या बाटल्या शेजारी शेजारीसुद्धा ठेवायच्या नसतात. व्हॅक्यूम यंत्र दप्तरासारखे पाठीवर अडकवायचे आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत यायचे, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे गालिच्यावर उरत नाहीत. सर्वांत अवघड नियम कागदांचा होता. टोपलीत आहे तेवढाच कचरा. टोपलीच्या शेजारी जमिनीवर पडलेला, कितीही चुरगळलेला कागद हा कागदच मानायचा आणि उचलून टेबलावर ठेवायचा. साठ-सत्तर टेबलांच्या मजल्यावर हे सगळे दोन तासांत बसवण्यासाठी डोके लागते, आणि ते मला इंजिनिअरिंगच्या पदवीने दिलेले नव्हते.

तिथे माझा कोणी अपमान केला नाही, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. उशिरापर्यंत थांबलेली माणसे मी जवळ गेले की पाय बाजूला घेत, कानातले हेडफोन न काढता ‘थँक्स’ म्हणत, आणि नाताळाच्या आधी एका बाईंनी मला चॉकलेटचा डबाही दिला. काका-आत्यांना अभिप्रेत असलेली प्रतिष्ठा बहुधा हीच असावी. ती खरी आहे, पण तिने घरभाडे भरता येत नाही.

आता एबीएनकडे येते. एबीएन म्हणजे ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला मिळणारा हा अकरा आकडी क्रमांक ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, आणि नेमके तेच त्याचे दुखणे आहे. तो काढल्यावर कागदोपत्री तुम्ही नोकर उरत नाही, स्वतंत्र व्यावसायिक होता. मग तुम्हाला किमान वेतन लागू नाही, मालकाने भरायची सुपरॲन्युएशनची (निवृत्तीनिधीची) रक्कम नाही, कामावर पाय मोडला तर मालकाच्या विम्याचा आधार नाही, आणि कर तुमचा तुम्ही भरायचा. माझ्या बाबतीत कामाची वेळ कंत्राटदाराने ठरवलेली होती. गणवेश, मॉप, रसायने आणि इमारतीत शिरण्याचे कार्ड त्याचेच होते. माझ्या त्या तथाकथित व्यवसायात माझ्या मालकीचे फक्त बूट होते. नोकराला असे व्यावसायिक म्हणून दाखवणे ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्याने बेकायदा आहे. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि विचारण्याची हिंमतही नव्हती.

मला तासाला १६ डॉलर मिळत. २०१८ च्या जुलैपासून देशाचे किमान वेतन तासाला १८.९३ डॉलर होते आणि तात्पुरत्या कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे २३ डॉलर ६६ सेंट झाले. सफाई कामगारांसाठी वेतनाचा स्वतंत्र ‘अवॉर्ड’, म्हणजे त्या धंद्यापुरते बंधनकारक दर आणि नियम, आहे. त्यात संध्याकाळी सहानंतर चालणाऱ्या शिफ्टला १५ टक्के भत्ता आहे, शनिवारी कायम कामगाराला दीडपट आणि रविवारी दुप्पट दर आहे. ते सगळे बाजूला ठेवून नुसते किमान वेतन धरले तरी मला आठवड्याला १५० डॉलरहून अधिक कमी मिळत होते. वर्षाच्या ४० आठवड्यांचा हिशेब केला तर ही रक्कम ६,००० डॉलरच्या वर जाते.

हा कंत्राटदार मराठी होता, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो. परक्या शहरात मराठीत बोलणारा माणूस भेटला याचा मला इतका आनंद झाला होता की दर किती, हे मी दुसऱ्या आठवड्यात विचारले. गणपतीत त्याने आम्हा सर्वांना घरी जेवायला बोलावले होते आणि त्याच्या पत्नीने उकडीचे मोदक अतिशय उत्तम केले होते. पुढे तो शनिवारीही कामाला बोलावू लागला. ते चार तास व्हिसाच्या मर्यादेबाहेरचे होते. पैशांबद्दल मी पहिल्यांदा विचारले तेव्हा त्याने आवाज न चढवता त्याच शनिवारांची आठवण करून दिली. ज्या तासांचा फायदा त्याने घेतला, त्याच तासांनी मला गप्प बसवले.

तरीही सगळा दोष एका माणसावर टाकला तर या धंद्याची रचना नजरेआड होईल. इमारतीचा मालक देखभालीचे कंत्राट एका मोठ्या कंपनीला देतो, ती सफाईचे काम दुसरीला देते, दुसरी तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर सर्वांत कमी दराची निविदा निवडली जाते. शेवटच्या पायरीवर पोहोचलेल्या रकमेत कायदेशीर वेतन बसतच नसते. फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारविषयक सरकारी यंत्रणेने तास्मानियातील एका मोठ्या सुपरमार्केट साखळीच्या सफाईची चौकशी केली, आणि २०१८ मध्ये आलेल्या तिच्या अहवालानुसार तपासलेल्या ठिकाणांपैकी ९० टक्के ठिकाणी नियमभंग आढळला होता. एवढ्या ठिकाणचे कंत्राटदार योगायोगाने एकाच वेळी वाईट निघाले, असे कोणी म्हणणार नाही.

मग करोना आला. ऑफिसे रिकामी झाली आणि आमचे काम एका मेसेजने थांबले. कामगारांचे पगार चालू राहावेत म्हणून मालकांना अनुदान देणाऱ्या सरकारच्या जॉबकीपर योजनेतून तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना वगळले होते, आणि स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या पाहुण्यांनी मायदेशी परतावे असे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन एप्रिल २०२० मध्ये म्हणाले. टाळ्या तिथेही वाजल्या, आम्ही मात्र भाड्यात सवलत मागत होतो.

याच काळात व्हिक्टोरिया राज्यात झालेली एक सुधारणा मला फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडे तिची चर्चा व्हायला हवी. १ जुलै २०१९ पासून तिथे कंत्राटी सफाई कामगाराची दीर्घ सेवेची रजा (बरीच वर्षे काम केल्यावर मिळणारी भरपगारी रजा) कामगाराच्या नावावर साठते. कंत्राटदार बदलला तरी सेवेची मोजणी शून्यावर येत नाही, आणि सात वर्षांनंतर तिचा लाभ घेता येतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षे सेवेची अट घातली. मी आता पुण्यात ज्या कार्यालयात काम करते तिथल्या सफाई करणाऱ्या ताई अकरा वर्षे त्याच मजल्यावर आहेत. या काळात त्यांच्या अंगावरचा गणवेश चार वेळा बदलला आणि प्रत्येक वेळी त्या नव्याने कामावर लागल्याची नोंद झाली. त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवायचा की नाही यावर आमच्याकडे बैठक झाली होती आणि वेगळा ठेवायचा नाही असे ठरले, याचे मला समाधान आहे. त्यांच्या अकरा वर्षांचे काय, यावर अजून बैठक झालेली नाही.

भाच्याला मी एबीएन काढू नकोस असे सांगितले. टॅक्स फाइल नंबरवर (नोकरदाराच्या कर क्रमांकावर) नोकरी माग, पगारानंतर एका कामकाजाच्या दिवसात पेस्लिप देणे मालकावर बंधनकारक आहे ती माग, आणि रोजचे तास वहीत लिही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका नेपाळी मुलाने अशी वही ठेवली होती; त्याने तक्रार केली आणि त्याला थकबाकीचा बराच भाग मिळाला. मी वही ठेवली नव्हती. १ जानेवारी २०२५ पासून तर हेतुपुरस्सर वेतन बुडवणे तिथे फौजदारी गुन्हा झाले आहे. भाच्याने कंत्राटदाराला पेस्लिपबद्दल विचारले तेव्हा समोरून उत्तर येणे बंद झाले. परवा त्याला दुसऱ्या एका कंपनीत काम मिळाले, आणि तिथे अर्जात टॅक्स फाइल नंबरच विचारला होता.

मी मेलबर्नमध्ये असताना आई विचारणाऱ्यांना ‘ती फॅसिलिटी मॅनेजमेंटमध्ये आहे’ असे सांगत असे. काल ग्रुपवर आतेबहिणीने पेढ्यांचे चित्र टाकून लिहिले आहे, ‘चिरंजीव ऑफिसात लागले.’