रिटर्न भरलं म्हणून ‘लाडकी बहीण’ बंद होत नाही

‘आयटीआर भरू नका! घरात एकानं जरी रिटर्न भरलं तरी लाडकी बहीण, पीएम किसान, रेशन, सगळं बंद!’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडून आला आणि मावशीच्या बचतगटातूनही आला. लिहिणाऱ्यानं रिटर्न (म्हणजे आयटीआर, आयकर विवरणपत्र) भरणारा आणि कर भरणारा यांना एकच धरलं आहे.

लाडकी बहीण योजनेच्या शासन निर्णयात अपात्रतेसाठी शब्द आहे ‘आयकरदाता’. पीएम किसानचा नियम तर आणखी स्पष्ट: मागच्या कर निर्धारण वर्षात ज्यानं आयकर भरला, तो बाद. शून्य कराचं रिटर्न भरणाऱ्यानं कर भरलेलाच नसतो.

‘रिटर्न न भरलेलं बरं, सरकारला कळत नाही’ हा मेसेजमधला पुढचा सल्ला. कंत्राटावर टेम्पो चालवणाऱ्याला महिन्याला 18,000 मिळतात असं धरा. वर्षाचे 2,16,000, त्यावर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) म्हणजे 2,160 रुपये. ही कपात त्याच्या पॅनवर आधीच नोंदली गेलेली असते, लपत काहीच नाही. रिटर्न न भरल्यानं एवढंच होतं की हे 2,160 परत मिळत नाहीत. लाडकी बहीणच्या 1,500 रुपयांच्या जवळपास दीड हप्त्याएवढी रक्कम भीतीपोटी सोडून द्यायची!

आता उलट बाजूची चूक. ‘12 लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे आपण करदाते नाही, म्हणजे योजना चालू.’ नाही. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, हे खरं. पण लाडकी बहीणची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांचीच आहे. केशरी रेशनकार्डाची तर 1 लाखाची. करातली सूट वाढली म्हणून या मर्यादा आपोआप सरकत नाहीत.

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. गाडीचं किंवा घराचं कर्ज हवं म्हणून एजंट 4,90,000 उत्पन्न दाखवून रिटर्न भरून देतो. ‘कर शून्यच येतो, काळजी नको,’ म्हणतो. कर शून्यच येतो. पण अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला एका हातात आणि 4,90,000 चं रिटर्न दुसऱ्या हातात, हे कुठल्या तोंडानं समजावणार? अशा घरात योजना गेली तर ती फुगवलेल्या आकड्यामुळे जाते. शेजारी मात्र सांगत सुटतात, ‘बघा, रिटर्न भरलं आणि पैसे थांबले.’

‘घरात एकानं जरी’ हेही मोघम. पीएम किसानच्या हिशेबात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं. लाडकी बहीणमध्ये पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. त्यामुळे पुण्यात नोकरी करून कर भरणारा अविवाहित मुलगा आईच्या 1,500 रुपयांना आडवा येतो, वडिलांच्या पीएम किसानला नाही.

आणि ज्या बायकांच्या खात्यात 1,500 ऐवजी 500 आले, त्यांनी रिटर्नला दोष देऊ नये. पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि नमो शेतकरीचे 6,000 त्यांना मिळतात, म्हणजे महिन्याला हजार. लाडकी बहीणमधून फक्त वरचा फरक दिला जातो.