कालेबच्या शेजारी बर्जिल्लय हवा होता

आदरणीय काका,

तुमची प्रतिक्रिया मनाला लागली. तुम्ही लिहिलंत, "पंच्याऐंशीव्या वर्षी डोंगर मागणाऱ्या कालेबची गोष्ट वाचायला छान आहे. माझे दोन्ही गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं. सोसायटीतली मुलं पुन्हा सेक्रेटरी व्हा म्हणून मागे लागली, मी नाही म्हटलं. मग तुमच्या तनाखच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, हिशेबाने मी भित्राच ना?"

नाही, काका. चूक माझ्या लेखाची आहे. इस्राएली लोकांचा नेता मोशे याने कनान देश पाहायला पाठवलेल्या बारा हेरांपैकी एक, त्या एकट्या कालेबवर लिहून मी गोष्ट अर्धीच सांगितली. "मोशेने पाठवलं तेव्हा होती तेवढीच ताकद आजही आहे," असं तो म्हणतो खरं, पण असं किती जणांना म्हणता येतं? शिवाय तो काही नवं मागत नव्हता. चाळिसाव्या वर्षी हेर म्हणून जो मुलूख पाहून आला आणि बारांपैकी दहा जण घाबरल्यामुळे जो हुकला, तोच हेब्रोनचा डोंगर त्याने पंचेचाळीस वर्षांनी मागितला.

त्याच्या शेजारी मला गिलादचा बर्जिल्लय बसवायला हवा होता. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात तो भेटतो. पोटच्या पोराने, अबशालोमने, बंड केल्यावर दावीद राजा यार्देन नदी ओलांडून गिलादमधल्या महनाईमला पळाला. राजा जिंकेल याचा काहीच भरवसा नव्हता. तेव्हा ज्या तिघांनी त्याच्या थकल्याभागल्या माणसांसाठी बिछाने, मडकी, गहू, जव, मसूर, मध, मेंढरं पोचवली, त्यांतला हा एक. वय ऐंशी. अबशालोम जिंकला असता तर त्याचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढे दावीद जिंकला आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर यरुशलेमला, तुला मी सांभाळतो. बर्जिल्लयचं उत्तर जवळजवळ तुमच्याच शब्दांत आहे. मी ऐंशी वर्षांचा. खाल्ल्याप्यायल्याची चव मला कळते का? गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो का? तुझ्यावर माझा भार कशाला? मला माझ्या गावात, आईबापांच्या कबरीजवळ मरू दे. हा किम्हाम आहे (बहुधा त्याचा मुलगा), याला ने.

यावर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. राजा त्याचं चुंबन घेतो, आशीर्वाद देतो. सुमारे चारशे वर्षांनी, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, बेथलेहेमजवळ किम्हामच्या नावाची एक जागा आहे. त्या म्हाताऱ्याच्या नकारातून एवढं उगवलं!

पिर्के अवोत या ज्यू गुरूंच्या वचनसंग्रहात वयांची एक मालिका आहे. त्यात ऐंशीला 'गेवूरा' म्हटलंय, म्हणजे बळ. बर्जिल्लयचंही वय तेच. पूर्वी मी हे बळ दंडातलं समजायचे. आता मला वाटतं, स्वतःला काय झेपत नाही हे राजासमोर न लाजता सांगणं, यालाही ताकद लागते.

आणि ज्याला तेवढंही सांगता येत नाही त्याचं काय? हे मी घरच्या अनुभवाने विचारते. आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) घरात तेहिलीम, म्हणजे तनाखमधली स्तोत्रं, पाठ म्हणणारे माझे वडील शेवटची तीन वर्षं एक ओळही धड आठवू शकत नव्हते. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांनी मुलांना सांगितलेलं एक वाक्य तालमुदात, रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, आहे: आपत्तीमुळे शिकलेलं विसरलेल्या वृद्धाला जपा, कारण दहा आज्ञा कोरलेल्या अखंड पाट्या आणि मोशेने फोडलेल्या आधीच्या पाट्यांचे तुकडे दोन्ही एकाच कोशात ठेवले होते. तुकडे फेकून दिले नव्हते, काका. मी वडिलांशेजारी बसून तेहिलीम म्हणायचे आणि त्यांचं बोट ओळीवर धरायचे. बोट स्थिर असायचं.

"म्हातारपणी मला टाकू नकोस" हे एकाहत्तरावं स्तोत्र एकट्या माणसाचं आहे. योम किप्पूरला, म्हणजे उपास आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी, मात्र अनेक सिनेगॉगांत ते "आम्हाला टाकू नकोस" असं म्हटलं जातं, आणि विशीतली मुलंही ते म्हणतात.

तेव्हा सेक्रेटरीपदाला तुम्ही नाही म्हटलंत, ते मला पटलं. एकच विचारते. त्या मुलांना तुम्ही कुणाचं नाव सुचवलंत का? सुचवलं असेल तर त्याला हिशेबाच्या वह्या समजावून द्यायला दोन-चार वेळा बसाल ना? बर्जिल्लयही राजाबरोबर यार्देनपलीकडे थोडं अंतर गेला होता.